घोडीच्या अंगावरचं ते स्वाराचं

घोडी पळवून जिंकल्याबद्दल माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा जी कमाई मिळाली, ती म्हणजे अंबाडीचा एक दोर आणि एक फाटकं गोणपाट. मी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि जत्रेतून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. मी गप्प बसले म्हणजे काय, ते माझ्या नवऱ्याला बरोबर ठाऊक होतं. तो गाडीवाटेनं माझ्यापुढं चार पावलं राखूनच चालला.

आता नातू पुण्याला असतो. तो परवा सांगत होता, की तिकडं घोड्यांच्या शर्यतीत जॉकी म्हणून जो बसतो, त्याला दर शर्यतीचे ठरलेले पैसे मिळतात, घोडा हरो की जिंको. आणि जिंकला तर बक्षिसातला वाटा वेगळा. मी म्हटलं, अरे बाबा, ठरलेलं तर आमच्याकडंही होतं. फक्त ठरवणारा माणूस नव्हता, देव होता. नातू हसायला लागला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकावं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. औंढ्याहून वसमतकडं येताना एका गावात खंडोबाचं ठाणं आहे. तिथं माघी पुनवेला जत्रा भरायची. खंडोबा घोड्यावरचा देव, म्हणून जत्रेत कुस्त्या असोत नसोत, घोडे पळालेच पाहिजेत. गावोगावचे मालक आपली जनावरं घेऊन यायचे. जिंकणाऱ्या मालकाला गावकीकडून चांदीचं कडं आणि फेटा. आणि वर बसणाऱ्या स्वाराला काय? तर घोड्याच्या अंगावर जे असेल ते. खोगीर असेल तर खोगीर, झूल असेल तर झूल, गळ्यात माळ असेल तर माळ. सुरुवातीच्या रेघेवर पुजारी घोड्याच्या कपाळाला भंडारा लावायचा. एकदा भंडारा लागला की घोड्याच्या अंगावरचं काही काढायचं नाही. घोडा हरला तर सगळं मालकाचं मालकाला परत. जिंकला तर सगळं स्वाराचं. ‘घोड्याच्या अंगावरचं ते स्वाराचं,’ हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगायचं.

म्हातारी माणसं सांगायची, की पूर्वी मालक लोक नवरदेवासारखी घोडी सजवून आणायचे. मखमली झूल, रेशमी गोंडे, पितळी रिकिबी. एकेका स्वारानं एका शर्यतीवर बहिणीचं लग्न करून दिलं. मग मालक शहाणे झाले. आधी झूल गेली, मग गोंडे गेले, मग खोगीर गेलं. शेवटी घोडी बोडक्या पाठीनं पळायला लागली. पाठीवर गोणपाट आणि तोंडात दोर. देवाचा नेम मोडला का? तर नाही मोडला. अंगावरचं ते स्वाराचंच राहिलं, फक्त अंगावर काही ठेवलं नाही. वा रे अक्कल!

आमचे मालक या अकलेत सगळ्यांच्या पुढं होते. माणूस वाईट नव्हता, शिवीगाळ नाही, कुणावर हात टाकणं नाही. पण चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे त्यांच्याकडं बघूनच कुणी तरी म्हटलं असावं. माझा नवरा त्यांच्याकडं सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाचं औत, मालकाची गुरं, मालकाची हळद. त्यांची तांबडी घोडी तोच चारायचा, तोच पाण्यावर न्यायचा. घोडी त्याच्या हाताखेरीज कुणाच्या हाताला तोंड लावायची नाही. म्हणून शर्यतीला तोच बसायचा.

आमचं स्वतःचं रान नव्हतं असं नाही. आसनेच्या काठाला थोडंसं, पण काळंभोर रान होतं. नव्हता तो बैल. म्हणजे एक होता, त्याचा जोडीदार गुरांच्या साथीत गेला होता. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायची. त्याचा बैल, आपला बैल, आधी त्याचं रान, मग आपलं. आणि आपली पाळी येईपर्यंत रानातली ओल उडून गेलेली असायची. वर नवरा सालानं बांधलेला. आमचं रान मीच एकटी खुरप्यानं टोकरत बसायची. तिथं बसून एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरायची, की एक बैल मिळाला, की पाडव्याला हा सालाचा विडा उचलणार नाही. एक बैल. मला माडी नको होती, गोठ-पाटल्या नको होत्या.

दुसऱ्या वर्षीची जत्रा जवळ आली, तशी मी नवऱ्याला म्हटलं, “औंदा मालकाला सांगा, खोगीर घाला म्हणावं.”

“म्या कसं सांगू?”

“तोंडानं सांगा.”

“अगं, मिठाला जागावं लागतंय.”

“मीठ त्यायचं, पण पाठ तुमची सोलून निघती ना! गोणपाटावर बसून मांड्यांची सालटी निघाली, तवा तेल कुणी लावलं? मालकानं का म्या?”

तो हसला आणि गोठ्यात गेला. माझा नवरा असाच. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. पण घोडीवर बसला की वेगळाच माणूस. खांदे ताठ, नजर पुढं, आणि ओठांवर बारीक हसू. मला तो तसा फार आवडायचा. आता म्हातारपणी सांगायला काय लाज?

जत्रेच्या दिवशी मी मालकीणबाईंच्या दमणीबरोबर गेले. दमणी म्हणजे वर छत असलेली, दोन बैलांची हलकी गाडी. मोठ्या घरच्या बायका त्यातूनच यायच्या, देवदर्शन करायच्या आणि शर्यत दमणीत बसूनच बघायच्या. खाली उतरून पुरुषांच्या गर्दीत जायची रीत नव्हती. मी त्यांच्या घरी हळद निवडायला, दळायला जायची, म्हणून पाण्याचा तांब्या सांभाळायला मला बरोबर घेतलं होतं. मालकीणबाईंना सगळे बाईसाब म्हणायचे. फार मोठ्या घरातून आलेल्या. माहेरी म्हणे हत्ती नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. इथं मात्र पदराला गाठ मारून गप्प असायच्या.

दर्शन झालं. बाईसाब दमणीत चढताना लुगडं जरा सरकलं, आणि मला आत काही तरी चमकलेलं दिसलं. चांदीचा कमरपट्टा! रुंद, जड, कड्या-कड्यांचा. लुगड्याच्या आत, कुणाला दिसू नये असा घातलेला. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

“मालकाला सांगू नको,” त्या म्हणाल्या. “देवापुढं एक डाव घालावा वाटलं. घरी पेटीत असतोय. चोर नेतील म्हून घालू देत न्हाईत.”

“मी कशाला सांगू बाईसाब?” मी म्हटलं. आणि खरंच सांगणार नव्हते. त्या घडीपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, खंडोबाची आण.

आमच्या दमणीशेजारी वसमतच्या एका बड्या मालकाची दमणी उभी होती. त्याचा पांढरा घोडा फार नावाजलेला. मधल्या पडद्याआडून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती आपल्या जावेला मोठ्यानं सांगत होती, “त्या तांबडीकडं बघ की. घरची लक्ष्मी ना ती? आन गळा कसा बोडका! देवापुढं बोडक्या गळ्यानं उभी केली. त्या घरात सवाष्ण हाय का न्हाई?”

आता हे तिला बोलायचं कारण नव्हतं. तिच्या पांढऱ्याच्या गळ्यातही दोन पैशांची कवड्यांची माळ होती, एवढंच. पण तेवढ्या दोन पैशांवर तिचं नाक वर गेलं होतं. बाईसाबनं ऐकलं की नाही ते मला कळेना. त्या पानाचा देठ खुडत बसल्या होत्या. मग मी काय केलं? खोटं मी बोलले नाही. फक्त तिचं बोलणं जसंच्या तसं, जरा सावकाश, बाईसाबच्या कानाजवळ परत बोलले. ‘सवाष्ण’ हा शब्द तर दोनदा बोलले.

बाईसाबचा चेहरा लाल झाला. पान खाली ठेवलं. काही क्षण माझ्याकडं बघत राहिल्या. मग लुगड्यात हात घालून त्यांनी कमरपट्टा सोडवला आणि माझ्या ओटीत टाकला.

“जा. तांबडीच्या गळ्यात बांध.”

मी उठलेच नाही. खरं सांगते, भीती वाटली.

“बाईसाब, मालक...”

“मालक तिकडल्या टोकाला मांडवात बसलेत. भंडारा लागायच्या आत पोच. जा म्हणती ना!”

मग मात्र मी पदर खोचला आणि पळाले. काय पळाले म्हणता! त्या दिवशी माझ्यावर कुणी स्वार बसवला असता, तर कडं मीच जिंकलं असतं. मालक मंडळी सगळी शेवटच्या टोकाला मांडवात होती. सुरुवातीची रेघ दूर बाभळीजवळ होती. गर्दीतून वाट काढत, म्हाताऱ्यांच्या शिव्या खात मी तिथं पोचले, तेव्हा पुजारी भंडाऱ्याचं ताट घेऊन एकेका घोड्याजवळ थांबत पुढं सरकत होता. तांबडीच्या आधी एकच घोडा राहिला होता.

नवऱ्यानं पट्टा बघितला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. “अगं, हे काय आणलंस? कुणाचं हाय?”

“बाईसाबचं. त्यायनीच धाडलं.”

“मालक जीव घेतील.”

“तुमी पुढं पळा, म्हंजी त्यायचा हात पोचणार न्हाई. मान खाली घे म्हणावं तिला!”

तांबडीनं आपणहून मान खाली घेतली. शहाणं जनावर. मी पट्टा गळ्यात घातला, आकडा अडकवला. आकडा जुना होता, नीट बसेना. दोनदा दाबला, तेव्हा बसला. पुजारी समोर येऊन उभा राहिला. पंच म्हणून जत्रेत त्याचाच शब्द चालायचा. त्यानं पट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“मालकाच्या घरून आला का?”

“व्हय बाबा. मालकीणबाईनं दिला.”

“बरं,” तो म्हणाला आणि तांबडीच्या कपाळावर भंडाऱ्याची मूठ मारली. माझ्या डोक्यावरही थोडा उडाला. आता तो पट्टा काढायची कुणाची ताकद नव्हती. जिंकायचं तेवढं बाकी होतं. आणि घोडामैदान समोरच होतं.

नगारा झाला, निशाण पडलं. सगळे एकदम सुटले. मी घोड्यांच्या बाजूनं, लोकांच्या मागून पळत होते, पण धुरळ्यात मला काही दिसेना. मग ओढ्याजवळच्या चढावर सगळे उघड्यावर आले. पांढरा पुढं होता. चांगला पुढं. त्याच्या मागं तांबडी, आणि माझा नवरा तिच्या मानेवर पालथा पडल्यासारखा. एक हात दोरावर. दुसरा हात तिच्या मानेखाली कुठं तरी अडकलेला.

“अगं बया, हात मोडला वाटतं!” असं मी मोठ्यानं ओरडले. शेजारची म्हातारी म्हणाली, “गप माय, पडला न्हाई अजून.”

हात मोडला नव्हता. तो मेला आकडा निसटला होता. पट्टा रानात पडला असता, तर घोडीच्या अंगावर राहिला नसता, आणि सगळंच संपलं असतं. म्हणून नवऱ्यानं पट्ट्याची दोन्ही टोकं एका मुठीत धरून घोडीच्या गळ्याशी दाबून ठेवली होती. बोडक्या पाठीवर, एका हाताच्या दोरावर तो घोडी पळवत होता. खोगीर असलेल्या पुण्याच्या जॉकीला सांगा म्हणावं असं पळवायला.

चढ संपला तिथं पांढरा दमला. वसमतचा चारा खाऊन पोट सुटलं होतं त्याचं. तांबडी दमायची नाही, तिला रोज माझा नवरा नदीच्या वाळूतून पाण्यावर न्यायचा. ती पांढऱ्याच्या शेपटीला लागली, मग पोटाला, मग मानेला. लोक एवढे ओरडत होते, की मला माझाच आवाज ऐकू येईना. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी तांबडीचं तोंड पुढं होतं. नुसतं तोंड. पण होतं!

येळकोट येळकोट जय मल्हार! भंडारा असा उधळला, की सगळं पिवळं झालं. मी रडत होते, हसत होते, आणि कुणाच्या तरी खांद्यावर थापा मारत होते. तो माणूस वसमतचा निघाला, बिचारा.

मी मांडवाशी पोचले, तेव्हा तिथं शांतता होती. मालकांच्या हातात कडं होतं, डोक्याला नवा फेटा होता, पण नजर पट्ट्यावर. त्यांनी तो ओळखला होता. नवरा अजून घोडीवरच बसलेला, मूठ गळ्याशी तशीच.

“हा पट्टा इथं कसा आला?” मालक म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं झाले. “बाईसाबनं दिला मालक, तांबडीच्या गळ्यात घालाया.”

“बाईसाब असं करायच्या न्हाईत. ही पेटीतली चीज हाय. तू घरात हळद निवडाया येतीस ना? पेटी कुठं असती ते तुला ठाऊक.” मग ते पुजाऱ्याकडं वळले. “ह्यो चोरीचा माल हाय बाबा. चोरीच्या मालाला देवाचा नेम लागत न्हाई. म्या चावडीवरून जमादाराला बोलवतो.”

निजामाच्या जमादाराच्या हातात सालगड्याची बायको सापडली, म्हणजे काय होतं ते सांगायला नको. पट्टा जावो, बैल जावो, मला आता फक्त घरी जायचं होतं. पण नवरा घोडीवरून बोलला. गर्दीत, मालकांसमोर, मोठ्यानं बोलला.

“माझी बायको चोर न्हाई, मालक.”

एवढंच. मग पुजारी म्हणाला, “बाईसाबला इचारल्याबगर म्या काही सांगणार न्हाई. माणूस धाडा दमणीकडं.”

माणूस धाडायची गरजच पडली नाही. गर्दी मागून फाटायला लागली. बायका बाजूला सरकत होत्या, पुरुष पागोटं सावरत मागं होत होते. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईसाब चालत येत होत्या. पायी! त्या गावात, त्या जत्रेत, मोठ्या घरची बाई दमणीतून उतरून मांडवात आलेली कुणी बघितली नव्हती. त्या मालकांकडं गेल्या नाहीत. पुजाऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“पट्टा माझा हाय बाबा. माझ्या बापानं लग्नात घातला. म्या माझ्या हातानं ह्या पोरीच्या ओटीत टाकला, आन सांगितलं, तांबडीच्या गळ्यात बांध.”

मालक हळू आवाजात म्हणाले, “शोभेसाठी दिला असंल तुमी. परत घ्यायसाठी.”

“शोभेसाठी न्हाई. घोड्याच्या अंगावरचं कुणाचं असतंय, ते मला ठाऊक हाय. माझ्या माहेरी स्वाराला झूल, खोगीर, पागोटं, सगळं देऊन वर दंडवत घालत व्हते. इथं देवाच्या दारात नुसता दोर देऊन राहिलो आपुन. दोर! लोक मला काही म्हणत न्हाईत, पण माझी मान वर व्हईना. आज जनावर जिंकलं. आता माझी मान मला वर करू द्या.”

कुणी तरी पहिल्यांदा येळकोट म्हटलं, आणि मग सगळा माळ ओरडला. मला वाटतं, तो ओरडा शर्यतीपेक्षा मोठा होता. वसमतच्या मालकानंसुद्धा टाळी वाजवली. आमचे मालक तोंडात मारल्यासारखे उभे होते. पुजाऱ्यानं नवऱ्याची मूठ सोडवली. पट्ट्याच्या कड्या तळहातात रुतून रक्त आलं होतं. पट्टा त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “उतर बाबा आता. तुझं तुला पोचलं.”

दुसऱ्या दिवशी हळद निवडायला गेले, तेव्हा पट्टा फडक्यात गुंडाळून बरोबर नेला. आनंद होता, पण काळजाला टोचतही होतं. बाईसाबच्या बापाची आठवण मी बैलात घालणार होते. मी फडकं त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, “बाईसाब, तुमी माझी अब्रू वाचवली, तेवढं लई झालं. हे घ्या.”

त्यांनी फडकं माझ्याकडं सरकवलं. “काहून? मला ठेवून काय करू? पुन्हा पेटीत घालू?” मग जरा थांबून म्हणाल्या, “सवाष्ण, सवाष्ण असं दोनदा बोललीस तू. मला एकदा सांगितलेलं ऐकू येतंय पोरी. तिचं बोलणं म्या आधीच ऐकलं व्हतं.”

मी मान खाली घातली. त्या हसायला लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना पोटभर हसताना पहिल्यांदा बघितलं. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, “तुला वाटलं, तू मला चढवलं. म्या केव्हाची चढायचीच वाट बघून राहिले व्हते. जा, बैल घे. शिंगं चांगली बघून घे.”

वसमतच्या सोनाराला पट्टा विकला आणि वसमतच्याच बाजारातून बैल घेतला. तांबूस रंग, वाकडी शिंगं, आणि चालायला असा धडधाकट, की आमचा जुना बैल त्याच्याबरोबर चालताना लाजायचा. मी त्याला घरी आणताना वाटेत भेटेल त्याला थांबवून दाखवला. न विचारताही दाखवला. का नाही दाखवायचा?

मग पाडवा आला. पाडव्याला सालगडी मालकाच्या घरी जातात, मालक पानाचा विडा आणि नवं घोंगडं पुढं करतात, विडा उचलला की साल पक्कं. नवरा गेला. मीही मागं गेले, अंगणात तुळशीजवळ उभी राहिले. बाईसाब आतल्या दारात होत्या. मालकांनी विडा पुढं केला, वर घोंगडं ठेवलं. झालं-गेलं विसरून ते नेहमीसारखं म्हणाले, “घे. औंदा जरा जास्त धान्य देतो.”

नवऱ्यानं हात जोडले. विडा उचलला नाही.

“मालक, औंदा माझं औत माझ्या रानात हाय.”

मालकांनी विडा खाली ठेवला. गोठ्यात तांबडी फुरफुरली, नवऱ्याचा वास लागला असावा तिला. तिच्याकडं बघत मालक म्हणाले, “आन घोडी? तिच्यावर दुसरा कोण बसंल? ती कुणाला जवळ तरी करती का?”

“बसंन की मालक. तुमची घोडी हाय, दर माघी पुनवेला म्या यीन.”

मालकांचा चेहरा उजळला. “मग झालं तर!”

“पण मालक,” माझा नवरा म्हणाला, “खोगीर घालून.”

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. मालकांनी बाईसाबकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, मग घोंगड्याची घडी उगीच सारखी केली.

“कातड्याचं का मखमलीचं?” ते म्हणाले.